जुन्या वॉकीटॉकीचा योग्य भाव

सहलीसाठी आम्हाला दोन जुने वॉकीटॉकी संच मिळत होते. मालक आपल्यातलेच एक पालक. "प्रत्येकी दीड हजार द्या," म्हणाले.

आधी आम्ही परवान्याचे पाहिले. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, कमी शक्तीच्या मान्यताप्राप्त संचांना भारतात परवाना लागत नाही. हे संच त्यातलेच निघाले. परवाना लागणारा संच परवान्याशिवाय फुकटही घेऊ नये.

मग मैदानाच्या दोन टोकांवरून बोलून पाहिले. आवाज स्वच्छ होता, पण बॅटरी तासाभरात उतरली.

आता हिशेब. नवा संच 4000 रुपयांचा. त्यात बॅटरी 800 रुपयांची. ती संचाच्या आधी थकते, म्हणून वेगळी धरली. उरले 3200. संचाचे आयुष्य 8 वर्षे मानले. 3 सरली, 5 उरली.

3200 × 5 ÷ 8 = 2000 रुपये.

थकलेल्या बॅटरीचे मोल शून्य. म्हणजे योग्य भाव 2000 रुपये.

दीड हजारात घेतले असते, तर मालकांचे प्रत्येक संचामागे 500 रुपये बुडाले असते. विश्वस्तांना हिशेब दाखवून आम्ही 2000 प्रमाणेच पैसे दिले. योग्य भाव घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही योग्य हवा.

घरच्या जुन्या सायकलीचा भाव असाच काढून पाहा. टायर मात्र वेगळे धरा!