कानाच्या यंत्राचे सुटे भाग कसे निवडावे ?

सायकलचा टायर फाटला म्हणजे आपल्यापैकीं कोणीही दुकानदारापाशीं नुसता "टायर" मागत नाहीं. चाकाचें माप सांगतो. चष्म्याची कांच फुटली तर शेजाऱ्याच्या चष्म्याची कांच काढून बसवावी, असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु श्रवणयंत्राचा, ज्यास आपण घरीं "कानाचें मशीन" म्हणतों त्याचा, एखादा भाग निकामी झाला कीं हा शहाणपणा आपण विसरतों. गणपतीस मुंबईहून येणाऱ्या मुलास "बाबांच्या मशीनचे सेल घेऊन ये" एवढाच निरोप जातो. तो बिचारा आठवणीनें आणतो. पण ते बसत नाहींत, आणि यंत्र पुन्हा कपाटांतील डब्यांत जाऊन पडतें. आमच्या धामापुरांत व आसपासच्या वाड्यांतून असे डबे असतील, म्हणून या विषयाची थोडी माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस द्यावी असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका शाळेंत असतांना, आमच्या वर्गांत एक मुलगा दोन्ही कानांस यंत्रें लावून येत असे. पहिल्या बाकावर बसणारा, उत्तर देण्यास तत्पर. जुलै महिन्यांत तो एकाएकीं मंद झाला. प्रश्न विचारला तर नुसता हसे व खालीं पाही. आम्ही त्याच्यावर दोन वेळां रागावलों. पुढें त्याची आई शाळेंत आली तेव्हां उलगडा झाला. कानांत बसणारीं रबरी टोपणें हरवलीं, म्हणून तिनें दिसण्यांत हुबेहूब तशींच दुसरीं आणून बसविलीं होतीं. तीं एक माप लहान होतीं. आवाज कानाच्या पडद्याकडे जाण्याऐवजीं फटींतून बाहेर येई, यंत्र शिटी घाली, मुलें हसत, आणि तें टाळावें म्हणून तो यंत्राचा आवाज अगदीं कमी करून ठेवी. तीन आठवडे तो वर्गांत बसला खरा, पण त्यास ऐकूं आलें नाहीं. दोष त्याचा नव्हता. विचारपूस न करितां रागावलों, हा दोष आमचा होता.

एवढेंसें टोपण एवढा अनर्थ कसा करितें, हें समजण्यासाठीं यंत्राचें काम पाहूं. माईक आवाज घेतो, आंतील मंडळ तो वाढवितें, रिसीव्हर तो कानांत सोडतो, आणि या सर्वांस शक्ति देतो तो सेल. कोणता स्वर किती वाढवावयाचा, हें श्रवणतज्ज्ञ त्या माणसाच्या कानाची तपासणी करून ठरवितात. म्हणजे यंत्र एका विशिष्ट कानासाठीं लावलेलें असतें, आणि आवाज ज्या ज्या भागांतून जातो तो प्रत्येक भाग त्या मापाचा अंश असतो. एक भाग बदलला कीं माप चुकतें. दिसण्यांत सारखें तें कामांत सारखें असेलच असें नाहीं, हाच या लेखाचा मुख्य धडा होय.

आतां एकेक भाग घेऊं. सेलांत चार मापें विशेष चालतात, आणि प्रत्येकाच्या वेष्टनाचा रंग ठरलेला आहे : १० क्रमांकाचा पिवळा, ३१२ चा तपकिरी, १३ चा नारिंगी व ६७५ चा निळा. यांपैकीं ३१२ व १३ हे दोन्ही ७.९ मिलिमीटर रुंद. परंतु पहिल्याची उंची ३.६ आणि दुसऱ्याची ५.४ मिलिमीटर. वरून पाहणारा फसतो तो येथेंच. जाड सेल बसत नाहीं म्हणून झांकण दाबून लावणारे लोक बिजागरी मोडून घेतात. खिशांत ठेवण्याच्या जुन्या धर्तीच्या यंत्रास मात्र साधा पेन्सिल सेल लागतो.

हे बारीक सेल जस्त व हवा यांवर चालतात. त्यांच्या पाठीवर सूक्ष्म छिद्रें असतात. चिकटपट्टी काढली म्हणजे हवेंतील प्राणवायु आंत शिरतो व क्रिया सुरू होते. म्हणून पट्टी काढल्यावर एकदोन मिनिटें थांबून सेल बसवावा. पट्टी पुन्हा चिकटविली तरी ही क्रिया पूर्ण थांबत नाहीं. यास्तव ती आगाऊ काढूं नये. खेळण्यांत व गणकयंत्रांत येणारा एल्-आर् ४४ हा बटनसेल आकारानें ६७५ एवढाच असतो व यंत्रांत बसतोही. परंतु त्यांतील शक्तीचा सांठा कितीतरी कमी असल्यामुळें तो लवकर संपतो. बसतो म्हणून चालतो, असें समजूं नये. हल्लीं कित्येक यंत्रें विजेवर पुन्हा भारतां येतात. त्यांस त्या जातीच्या यंत्रासाठीं केलेलाच चार्जर लावावा.

दुसरा भाग कानांत बसणारा. रबरी टोपणास दुकानांत "डोम" म्हणतात. तीं लहानमोठीं असतात, तशींच छिद्रांचीं व बंदही असतात. छिद्रांच्या जागीं बंद घातलें तर स्वतःचाच आवाज विहिरींत बोलल्यासारखा घुमतो. बंदाच्या जागीं छिद्रांचें घातलें तर वाढविलेला आवाज निसटतो. शिवाय एका कंपनीचा डोम दुसऱ्या कंपनीच्या टोंकावर घट्ट बसेल याची शाश्वती नाहीं. सैल बसलेला डोम कानांतच अडकून राहतो. कानाचा ठसा घेऊन केलेला साचा, म्हणजे "मोल्ड", असेल तर तो त्या एकाच कानाचा. मुलांचा कान वाढतो, म्हणून त्यांचा साचा वेळोवेळीं नवा करावा लागतो. साच्याची नळी कांहीं महिन्यांत पिवळी व कडक होते. ती बदलतांना पूर्वीच्याच जाडीची घ्यावी, कारण जोरकस यंत्रास जाड भिंतीची नळी लागते.

तिसरा भाग कानांत उतरणाऱ्या तारेचा रिसीव्हर. त्यावर तांबडी खूण असेल तर तो उजव्या कानाचा, निळी असेल तर डाव्याचा. तारेची लांबी व रिसीव्हरचा जोर हीं दोन्हीं जुळावीं लागतात. "जास्त जोराचा घ्या, चांगलें ऐकूं येईल" असा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकूं नये. गरजेपेक्षां मोठा आवाज उरलेल्या श्रवणशक्तीसही अपाय करितो. जोर बदलावयाचा तर तज्ज्ञाकडून यंत्र पुन्हा लावून घेतलें पाहिजे. टोंकावरील मळाची जाळी बदलतांनाही तोच नियम : कंपनीची व जातीची तीच घ्यावी, आणि टांचणीनें कधींही टोकरूं नये.

शिक्षकाच्या गळ्यांत लावण्याचा बिनतारी माईक वर्गांत फार उपयोगी पडतो. परंतु तो घेण्यापूर्वीं आपल्या यंत्राशीं जुळतो कीं नाहीं तें प्रत्यक्ष लावून पाहावें. पुष्कळ कंपन्यांचीं अशीं साधनें त्यांच्याच यंत्रांशीं बोलतात.

आमच्या कोंकणांत पावसाळा हा यंत्राचा मोठा वैरी. रात्रीं सेल काढून, झांकण उघडें ठेवून, यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबींत ठेवावें. सेल मात्र डबीबाहेर असावा. अति कोरड्या हवेंत तो आंतून सुकतो. जुने व नवे सर्व सेल लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. मुलानें सेल गिळला अशी नुसती शंका आली तरी, वाट न पाहतां, तत्काळ रुग्णालय गांठावें.

दुकानांत जातांना एका कागदावर पांच गोष्टी लिहून न्याव्या : कंपनीचें नांव, यंत्राची जात व त्यावरील क्रमांक, कान उजवा कीं डावा, सेलाचा क्रमांक, आणि रिसीव्हरवरील खुणा. जुना भाग पाकिटांत घालून बरोबर न्यावा. मुंबईस निरोप पाठवावयाचा तर मोबाईलनें या सर्वांचें छायाचित्र पाठवावें. ज्यांस खर्च झेपत नाहीं त्यांनीं सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी. अपंगांस साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे, आणि या विषयास वाहिलेली राष्ट्रीय संस्था मुंबईंत वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झाली.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं आजोबांचें वा आजीचें यंत्र डब्यांत पडलें असेल तर या सुटींत तें बाहेर काढा आणि वरील कागद त्यांच्यासमोर बसून लिहा. अक्षरें फार बारीक असतात. तीं तुमच्याच डोळ्यांस दिसतील. वर सांगितलेल्या मुलास योग्य मापाचीं टोपणें मिळालीं, त्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यानें वर्गांत प्रथम हात वर केला. तेव्हांपासून कोणी मूल उत्तर देईनासें झालें तर आम्ही आधीं त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारतों, "ऐकूं येतें ना ?"