तणाला फुलू देऊ नकोस

चि. अमोल,


सूर्यफुलाचं बियाणं खात्रीचं घेतलंस हे उत्तम केलंस. पण ज्या तंबाखू स्ट्रीक विषाणूची तुला धास्ती आहे, त्याच्यापुढे तेवढ्याने भागत नाही. २००० साली आंध्रातल्या अनंतपूर भागात या विषाणूने सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भुईमुगाला ग्रासलं. भुईमुगाच्या बियाण्यातून तो पुढे जाताना तपासणीत दिसला नाही. माग लागला तो बांधावरच्या गाजर गवतापर्यंत. या गवतावर रोगाची खूणही दिसत नाही. विषाणू त्याच्या परागात असतो. पराग अंगावर घेऊन फुलकिडे पिकावर येतात, कोवळी पानं खरवडतात, आणि त्या जखमेतून विषाणू आत शिरतो.

तू म्हणशील, उन्हाळ्यात गवत वाळलं, रान नांगरलं, की रोगही संपला. गफलत होते ती इथेच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये बाधित गाजर गवताचं बी पेरून पाहिलं, तेव्हा काही नमुन्यांत निम्म्याच्या जवळपास रोपं बाधितच उगवली. झाड मरतं, विषाणू बियांत तग धरतो. स्कॉटलंडमध्ये मुरंट आणि लिस्टर यांनी १९६७ साली वेगळ्या विषाणूंबाबत असंच दाखवलं. रान पूर्ण मोकळं ठेवलं, की जमिनीतल्या सूत्रकृमींमधला विषाणू काही आठवड्यांत नाहीसा होतो. पण बाधित तणाचं बी उगवू दिलं, की त्या रोपांवरून सूत्रकृमी तो पुन्हा उचलतात. रान पडीक ठेवण्याची सगळी मेहनत तणाच्या बियांनी वाया जाते.

शंभरात एखादंच बी बाधित असेल, तर एवढी चिंता कशाला, हा आक्षेपही टिकत नाही. गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बिया धरतात, आणि साथीच्या सुरुवातीला मोजकीच रोपं पुरतात. पुढचं काम फुलकिडे करतात. शेजाऱ्याच्या बांधावरचं गवत तुझ्या हातात नाही, हे मात्र खरं. म्हणून सूर्यफुलाच्या कडेने ज्वारीच्या काही दाट ओळी आधी पेर. वाऱ्यावर येणारे फुलकिडे त्यांत बरेच अडतात. तरीही सर्वांत जवळचा धोका तुझ्याच बांधावर असतो. पाऊस पडून गाजर गवत उगवलं की फूल येण्याआधीच हातमोजे घालून मुळासकट उपट, पड जमीन आणि रस्त्याची कडही सोडू नकोस. फवारणीचा विचार त्यानंतर कर.

तुझा,
काका