संख्येचे अवयव : शोध आणि खात्री

समान वाटणी हा व्यवहारातील नित्याचा प्रश्न आहे. शाळेच्या आवारात ७२ रोपे लावावयाची आहेत आणि प्रत्येक ओळीत सारखीच रोपे हवी आहेत. तर ओळी किती कराव्यात? ८ ओळींत ९ रोपे, ६ ओळींत १२ रोपे, ४ ओळींत १८ रोपे, अशी अनेक उत्तरे संभवतात. मात्र लावणीपूर्वी एकच रोप वाळले, तर उरलेल्या ७१ रोपांच्या अशा समान ओळी करताच येत नाहीत. सगळी एका ओळीत तरी लावावी लागतात किंवा प्रत्येक ओळीत एकच रोप ठेवावे लागते. एका रोपाने एवढा फरक का पडावा, याचे उत्तर संख्येच्या अवयवांत आहे.

एखाद्या संख्येला ज्या संख्येने भाग दिला असता बाकी शून्य उरते, ती संख्या पहिल्या संख्येचा अवयव किंवा विभाजक होय. १ आणि स्वतः ती संख्या एवढेच दोन अवयव असणाऱ्या संख्येस मूळ संख्या म्हणतात. ७१ ही मूळ संख्या आहे.

जोड्यांची रीत

विद्यार्थ्यांना ७२ चे अवयव विचारले असता बहुतेक जण पाढ्यांतून आठवतील तसे सांगतात. उत्तरे चूक नसतात, पण एखाददुसरा अवयव सुटतो आणि तो सुटला हे त्यांना कळत नाही. यावर उपाय म्हणजे अवयव क्रमाने आणि जोडीने लिहिणे : १ × ७२, २ × ३६, ३ × २४, ४ × १८, ६ × १२, ८ × ९. मधल्या ५ आणि ७ यांनी भाग जात नाही. ८ नंतर ९ घ्यावा, तर तो आधीच्या जोडीत आलेला आहे. येथे थांबावे. ७२ चे एकूण १२ अवयव झाले.

थांबण्याचे हे स्थान योगायोगाने आलेले नाही. जोडीतील दोन्ही संख्या ८ हून मोठ्या असत्या, तर त्यांचा गुणाकार किमान ९ × ९ म्हणजे ८१ झाला असता. आणि ८१ तर ७२ हून अधिक आहे. म्हणून प्रत्येक जोडीतील लहान अवयव वर्गमूळाच्या आतच सापडला पाहिजे. हे कारण समजलेला विद्यार्थी यादी पूर्ण झाली असे निःशंकपणे सांगू शकतो. नुसत्या उत्तरापेक्षा ही खात्री अधिक मोलाची आहे.

कसोट्या आणि मूळ अवयव

संख्या मोठी असेल तेव्हा विभाज्यतेच्या कसोट्या श्रम वाचवितात. २,३७६ ही संख्या घेऊ. अंकांची बेरीज १८ येते, म्हणून ९ ने भाग जातो. ही कसोटी पाठ करून घेण्याऐवजी तिचे मर्म सांगावे. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १ आणि १,००० म्हणजे ९९९ + १. नवांच्या भागाला ९ ने निःशेष भाग जातोच. शिल्लक राहते ती केवळ अंकांची बेरीज. याच संख्येत एकाआड एक अंकांच्या बेरजा २ + ७ आणि ३ + ६ अशा समान आहेत, म्हणून ११ नेही भाग जातो. भाग देत गेल्यास २ तीनदा, ३ तीनदा आणि ११ एकदा असे मूळ अवयव मिळतात.

मूळ अवयवांवरून एकूण अवयवांची संख्याही काढता येते. ७२ मध्ये २ तीनदा आणि ३ दोनदा येतो. एखादा अवयव तयार करताना २ एकदाही न घेणे, एकदा, दोनदा किंवा तीनदा घेणे असे चार पर्याय, तर ३ साठी तीन पर्याय; ४ × ३ = १२. जोड्यांच्या रीतीने आलेल्या उत्तराचा असा स्वतंत्र पडताळा मिळतो. २,३७६ साठी ४ × ४ × २ = ३२ अवयव येतात.

नारायण पंडितांची युक्ती

३९१ सारख्या संख्या फसव्या असतात. २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांपैकी कोणीही तिला निःशेष भाग देत नाही. १७ पर्यंत गेल्यावर १७ × २३ ही जोडी मिळते. नारायण पंडितांनी इ. स. १३५६ मध्ये रचलेल्या ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात यावर निराळी युक्ती आहे. संख्येपेक्षा मोठी अशी जवळची वर्गसंख्या घ्यावी : ४००, म्हणजे २० चा वर्ग. तीतून ३९१ वजा केल्यास ९ उरतात आणि तो ३ चा वर्ग आहे. म्हणून २० − ३ आणि २० + ३, म्हणजे १७ आणि २३, हे अवयव झाले. बाकी वर्ग न आल्यास पुढची वर्गसंख्या घ्यावी. फ्रान्समधील फर्मा यांनी हीच रीत सतराव्या शतकात मांडली.

व्यवहारातील स्थान

मापांची निवडही अवयवांशी निगडित आहे. ६० चे १२ अवयव आहेत, तर १०० चे ९. जुन्या रुपयाचे १६ आणे, म्हणजेच १९२ पै होत; त्याच्या तीन समान वाटण्या ५ आणे ४ पै अशा नेमक्या होत असत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आली. हिशेब सोपा झाला, पण १०० पैशांच्या तीन समान वाटण्या होत नाहीत.

मोठ्या संख्यांचे अवयव शोधणे संगणकालाही कठीण जाते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो. गुणाकारावरून त्या दोन संख्या ओळखणे मात्र अतिशय दुष्कर असते. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये याच अडचणीवर गुप्तलेखनाची पद्धत उभारली, आणि कार्यालयीन दस्तऐवजांवरील डिजिटल स्वाक्षरीसाठीही ती वापरली जाते. अशा एका २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये काढण्यात आले. ती आकडेमोड संगणकाच्या एकाच गाभ्याकडे सोपविली असती, तर तिला सुमारे २,७०० वर्षे लागली असती. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या संख्या याहून बऱ्याच मोठ्या असतात.

वर्गात मात्र आरंभ लहान संख्यांपासूनच व्हावा. शिक्षकांनी फळ्यावर ४३७ आणि ४३९ या दोन संख्या लिहाव्यात. २१ चा वर्ग ४४१ असल्याने दोहोंसाठी २, ३, ५, ७, ११, १३, १७ आणि १९ एवढेच भाजक तपासणे पुरेसे आहे. एक संख्या मूळ आहे, दुसरी नाही. कोणती ते विद्यार्थ्यांनी शोधावे, आणि नवव्या भाजकाची गरज का नाही हेही त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे.