चाँदबीबीचं चिलखत

प्रश्न : शाळेच्या नाटकात चाँदबीबीसाठी खऱ्या धातूचं चिलखत करायचं आहे. हाताने जमेल का? – एक कलाशिक्षिका, अहिल्यानगर

उत्तर : जमेल, पण वेळ हाताशी ठेवा. १५९५-९६च्या वेढ्यात मुघलांनी नगरच्या किल्ल्याला खिंडार पाडलं, तेव्हा चाँदबीबी चिलखत घालून, चेहऱ्यावर बुरखा आणि हाती तलवार घेऊन तिथे उभी राहिली, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. तेव्हा मालिकांतले चंदेरी प्लास्टिकचे कोट नकोतच.

मुख्य काम कड्यांचं. दीड मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार ८ मिलिमीटरच्या सळईवर स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळा आणि एका रेषेत कापा. प्रत्येक कडीत चार कड्या ओवायच्या. कडी उघडताना टोकं फाकवू नका. दोन पकडींनी एक पुढे, एक मागे सरकवा, म्हणजे गोलाई बिघडत नाही. जुने कारागीर टोकं चपटी करून रिव्हेट मारत. रंगमंचाला तेवढं नको. अ‍ॅल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या जेमतेम तिसरा हिस्सा भरतं, आणि पोरीला संवादही म्हणायचे आहेत! कमरेला पट्टा आवळा, खांद्यांवरचा भार उतरतो.

छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवरच्या चार पत्र्यांना ‘चार आईना’ म्हणतात. ते पातळ पितळेचे करा. पितळ ठोकून कडक झालं की मंद लाल तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. ठोके देण्याचं हे मठारकाम मात्र तांबटाकडूनच शिका. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा चुकूनही तापवू नका, धूर विषारी असतो. चकाकीला चिंच पुरे.