बोक्याला पोत्यात घालण्यापूर्वी

चि. शकू,

तुझ्या मावशीच्या काल आलेल्या पत्रातील बाकी मजकूर कुशलाचा असला, तरी मन्याने पुन्हा गादी भिजविल्यामुळे येत्या रविवारी त्याला पोत्यात घालून शिवडीच्या बाजूस सोडून देण्याची तजवीज तुमच्या घरी चालली आहे, असे जे तिने शेवटी ओझरते लिहिले, ते वाचल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. वार्ता खोटी असेल तर हे पत्र फाडून टाक. खरी असेल तर मुठीएवढा असताना ज्याला तू पदराखाली घरी आणलेस, त्याची कैफियत ऐकून न घेताच फैसला करणे तुला शोभत नाही. जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हाही आहे. परंतु कायद्याचा धाक घालण्यासाठी मी हे लिहीत नाही.

तो लघवी करतो कशी, हे तू नीट पाहिले आहेस काय? शेपटी ताठ उभी करून, तिचे टोक थरथरवीत, कपाटाकडे पाठ करून थोडीशी धार उडवीत असेल, तर ती हद्दीची निशाणी समजावी. नायगावच्या नव्या जागेत खिडकीबाहेरच्या पत्र्यावर जो परका बोका येऊन बसतो असे तूच लिहिले होतेस, त्याच्याविरुद्ध आपला हक्क सांगण्याचा मन्यापाशी तेवढाच मार्ग आहे. अशा बोक्याला खच्ची केले म्हणजे बहुतेकांची ही खोड सुटते किंवा पुष्कळ कमी होते, आणि ते तर तुम्ही अद्याप केलेलेच नाही. पण गादीवर खाली बसून करीत असेल, तर मला भय वाटते ते याचेच. वाळूच्या पेटीत बसताना ज्याला वेदना होतात, तो त्या वेदनेचा दोष पेटीला देतो आणि मऊ जागा शोधतो. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. तो खड्याने किंवा चिकट स्रावाने बंद झाला, तर एकदोन दिवसांत प्राणावर बेतते. वारंवार बसणे, कुंथणे, थेंबच पडणे, ओरडणे, तेथे सारखे चाटीत राहणे, यांपैकी काही दिसले तर रविवारची वाट न पाहता परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात त्याला तत्काळ न्यावे.

हे मी इतक्या कळवळ्याने का लिहितो, ते तुझ्या आईला विचार. आपल्या दापोलीच्या घरचा करडा बोका असाच माजघरात जागोजाग बसू लागला, तेव्हा आजोबांच्या हुकुमावरून गड्याने त्याला पोत्यात घातले, आणि सुंभाची गाठ मारली जाईपर्यंत पोत्याचे तोंड मी धरून होतो. तुझी आई त्या रात्री जेवली नाही. तो तेव्हा कण्हत होता, ते पोत्याच्या भीतीने असे आम्ही समजलो. आज मला तसे वाटत नाही.

जावईबापूंनी त्याचे नाक ओल्या गादीवर घासले, हेही मला कळले. त्यांना माझे नमस्कार सांग, आणि हेही सांग की घटका उलटल्यावर दिलेल्या शिक्षेचा अर्थ मांजराला लागत नाही. त्याला फक्त त्या माणसाची दहशत बसते, आणि भ्यालेले मांजर अधिकच अस्थानी जाते. त्याची पेटी तुम्ही मोरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवली आहे. आत बसला असता ते यंत्र एकदा घरघरले, तर तो तिकडे पुन्हा कसा फिरकेल? पेटी निवांत कोपऱ्यात, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवावी आणि रोज निपटावी. फरशीला फिनाईल मुळीच लावू नका. ते मांजराला विषासमान आहे.

मी फार रागावून लिहिले, शकू. तुला सातवा महिना, त्यात नवे घर, आणि शेजारणींनी मांजराने बाळाला बाधा होते म्हणून मन घाबरे केलेले. अशा वेळी तुला त्याचा वैताग आला, तर त्यात तुझा काय अपराध? त्या सांगतात त्यात तथ्य एवढेच, की मांजराच्या विष्ठेतील एका जंतूपासून गर्भाला धोका संभवतो. तो जंतू बाधक होण्यास निदान एक दिवस जातो, म्हणून पेटी रोज साफ व्हावी आणि ती तू न करता जावईबापूंनी करावी. मन्याला मात्र घरातून घालविण्याचे काही कारण नाही.

शनिवारी मी येतोच आहे. तुझी सोय होईपर्यंत राहीन, मन्याची पेटी मी निपटीन, गादी पिंजून घेण्याचा खर्चही माझ्याकडे. तुझ्या मामीने मेतकूट आणि आमसुले बांधून ठेवली आहेत. पायांना सूज येते असे लिहिले होतेस, ते डॉक्टरीणबाईंना दाखविलेस का? उलटटपाली कळव.

तुझा,
दादामामा