वाचकांचे प्रश्न : आजीचे हाल न्यायालय पाहील का?

प्रश्न : आमचे कुटुंब १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून आले. वडील १९७२मध्ये इथेच जन्मले, मी १९९८मध्ये. आजीचा जन्म मात्र खुलन्याचा. आता ती अंथरुणाला खिळली आहे. जवळ फक्त जुनी बॉर्डर स्लिप आणि रेशन कार्ड. उद्या नोटीस आलीच, तर तिचे हाल पाहून न्यायालय देशाबाहेर काढणे थांबवेल का? अमेरिकेत तसे होते म्हणतात.
— एक वाचक, मुलचेरा

उत्तर : मुलचेरा, चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांतले बरेच जण हेच विचारतात. आधी वडिलांचे आणि तुमचे बघू. १ जुलै १९८७पूर्वी भारतात जन्मलेला माणूस आईवडील कुठलेही असले तरी जन्माने नागरिक. त्यामुळे वडील नागरिक. तुमचा जन्म ३ डिसेंबर २००४च्या आधीचा, म्हणून एक पालक नागरिक असणे पुरेसे. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा जपून ठेवावा.

आजीचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत हद्दपारी रद्द करण्यासाठी किमान दहा वर्षांचे वास्तव्य लागते आणि नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराला, मुलांना वा आईवडिलांना असाधारण त्रास होईल हे दाखवावे लागते. १९ मार्च २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विल्किन्सन खटल्यात ठरवले, की त्रास या कसोटीला उतरतो का, हे वरचे न्यायालय तपासू शकते. मात्र सवलत द्यायची की नाही, हा अखेरचा निर्णय खालीच राहतो.

आपल्याकडे अशी तरतूद नाही. १९३७पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये फेटाळली : परदेशी माणसाला राज्यघटनेच्या कलम २१चे (जीविताच्या हक्काचे) संरक्षण आहे, इथे राहण्याचा हक्क नाही. त्याच कलमाच्या आधारे १९९६मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना मात्र संरक्षण मिळाले. नागपूर खंडपीठात आजीच्या हालांचा पाढा वाचता येईल, पण खटला त्यावर तरेल असे समजू नये.

खरा मार्ग नागरिकत्व सुधारणा कायद्याचा. ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या बांगलादेशी हिंदूंना त्यात अर्ज करता येतो, आणि नागरिकत्व मिळताच बेकायदा स्थलांतराची प्रलंबित कारवाई संपते. अर्ज ऑनलाइन, छाननी डाक अधीक्षकांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. प्रवेशाच्या पुराव्यात रेशन कार्डही चालते. मूळ देशाचा पुरावा वेगळा लागतो. आजीची नागरिक म्हणून पूर्वी नोंद झाली होती का, हे आधी जिल्हाधिकारी कार्यालयात तपासावे. झाली असेल, तर अर्जाची गरजच नाही.