लस आली नाही म्हणून हातपाय गाळू नकोस

अगं, आधी तो फोन खाली ठेव बघू. मुलांच्या डॉक्टरांकडची बाई दर वेळी तेच सांगतेय ना, ‘अजून आली नाही, कधी येईल माहीत नाही’? खरं सांगू का, ती तुला टाळत नाहीये. तिला खरंच माहीत नाही. मी तिला इतकं पिडलंय की आता माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून ती सुस्कारा सोडते!

बघ, २००९च्या या साथीत एच१एन१ची, म्हणजे स्वाइन फ्लूची, लस इथं अमेरिकेत सगळी सरकारनं विकत घेतलीय. राज्याच्या आरोग्य खात्याकडे वाटा येतो, आणि कुठल्या डॉक्टरला किती द्यायची ते तिथं ठरतं. आपले डॉक्टर फक्त मागणी नोंदवतात. त्यात मुळात मालच कमी. उन्हाळ्यात म्हणत होते, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १२ कोटी डोस तयार होतील. ऑगस्टमध्ये तो आकडा साडेचार कोटींवर आला, आणि ऑक्टोबर संपला तरी ३ कोटीसुद्धा भरले नाहीत. लशीसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवावा लागतो आणि हा मेला वाढेचना. न्यू जर्सीच्या थंडीत विरजण लावावं आणि सकाळी बघावं तर दूध तसंच, त्यातली गत!

तेव्हा ‘लस आली का’ एवढंच विचारू नकोस. ‘मी सहा महिन्यांची गरोदर आहे, घरी चार वर्षांचा मुलगा आहे’ असं आधी सांग. ज्यांना लस आधी द्यायची त्या यादीत तुम्ही दोघंही आहात गं, मग संकोच कसला? तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडेही नाव घाल, त्यांचा वाटा वेगळा येतो. काउंटीच्या आरोग्य खात्याचे कॅम्प असतात, तेही बघ. रांग मोठी असेल, पण तू उभी राहू नकोस. नवऱ्याला उभं कर आणि तू खुर्ची घेऊन बस.

आणि नाकातला स्प्रे आलाय म्हणाले तर पिल्लूला लगेच घेऊन जा. त्याला दमा नाही, खणखणीत आहे, त्याला चालतो. तुला मात्र स्प्रे नाही, इंजेक्शनच. दोघांचं एकदम होईल म्हणून त्याचं अडवून ठेवू नकोस. त्यानं स्प्रे घेतला म्हणून त्याला जवळ घ्यायलाही घाबरायला नको.

आई पुण्याहून रोज फोन करून घाबरवतेय, हो ना? तिचंही चुकत नाही. ऑगस्टमध्ये याच साथीनं तिथं शाळा-कॉलेजं बंद पडलेली तिनं पाहिलीत, आणि भारतात तर ही लस अजून कुणालाच नाही. तिच्याशी वाद घालू नकोस, ‘हो आई’ म्हण आणि पुढं चाल.

लस मिळेपर्यंत एक नीट लक्षात ठेव. तुला ताप, खोकला, अंगदुखी वाटली तर सकाळची वाट बघू नकोस, डॉक्टरांना लगेच फोन कर. गरोदरपणात टॅमिफ्लू पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेली बरी. पिल्लूला ताप आला तर अ‍ॅस्पिरिन अजिबात द्यायची नाही. त्याला धाप लागली, ओठ निळसर दिसले, पाणी पिईना, किंवा बरा होऊन पुन्हा ताप चढला, तर कुणाला विचारत बसू नकोस, थेट इमर्जन्सी गाठ. नुसता साधा ताप असेल तर घरीच ठेव, आणि औषधाशिवाय ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याशिवाय शाळेत पाठवू नकोस. आपल्यासारखीच कुणीतरी दुसरी आई तिकडे धास्तावलेली असते गं.

आणि हो, दहा वर्षांखालच्या मुलांना या लशीचे दोन डोस लागतात, साधारण चार आठवड्यांच्या अंतरानं. पहिला झाला की सुटले म्हणून पळत सुटू नकोस, निघतानाच काउंटरवर दुसऱ्याची तारीख मागून घे.